आळंदीला निघालेलं पाणी आणि भाईंदरची बातमी

भाईंदर किंवा मिरा रोडच्या नळाला जे पाणी येतं, त्यातलं काही खरं तर पंढरपूरला निघालेलं होतं.

यात अतिशयोक्ती नाही. मावळात, सह्याद्रीच्या कड्याला लागून, ठोकरवाडीचा जलाशय आहे. टाटांनी तो विजेसाठी बांधला. ठाणे जिल्ह्याच्या बातम्यांत त्याचं नाव ‘आंध्रा धरण’ असं येतं, कारण तो आंध्रा नदीवर आहे. ही आंध्रा पूर्वेला वाहणारी. ती इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी देहू-आळंदीवरून भीमेला, भीमा पंढरपुरात चंद्रभागा होऊन पुढे कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. अरबी समुद्र इतका जवळ असताना हे पाणी अख्खं दख्खन ओलांडायला निघालेलं असतं! पण १९२२ मध्ये भिवपुरीचं वीजकेंद्र सुरू झालं आणि पाण्याला वाटेतच वळवलं गेलं. कड्यावरून मोठमोठ्या नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली कर्जतच्या बाजूला येतं, जनित्रं फिरवतं आणि उल्हास नदीत सोडलं जातं.

पुढचा प्रवास लोकलच्या प्रवाशांना पाठ असलेल्या स्टेशनांचा आहे. उल्हास नेरळ, वांगणी, बदलापूर करत कल्याणजवळ शहाडला येते. तिथे ‘स्टेम’ प्राधिकरण पाणी उचलतं, भिवंडीजवळच्या टेमघरला शुद्ध करतं आणि ठाणे, भिवंडी, मिरा-भाईंदरकडे धाडतं. एमआयडीसीही बारवी धरणाच्या जोरावर याच उल्हासमधून, थोडं वर जांभूळला, पाणी घेऊन आपल्या मिरा-भाईंदरला देते. आणि नदीत जे उरतं ते कल्याण-ठाणे ओलांडून, खारं होऊन, वसईची खाडी या नावाने भाईंदरच्या रेल्वे पुलाखालून समुद्राला जातं. म्हणजे एकच नदी भाईंदरला दोनदा येते. एकदा जलवाहिनीतून गोडी, एकदा पुलाखालून खारी.

एवढ्यावरच थक्क व्हायला हरकत नाही. पण मला जास्त चक्रावून टाकते ती दुसरीच गोष्ट. या वाटेवर पाणी तेच राहतं आणि त्याची बातमी मात्र दर टप्प्याला बदलते. पान बदलतं, खलनायक बदलतो, वाचक बदलतो. असं का होतं याचं उत्तर इतकं साधं आहे की पटकन विश्वास बसत नाही. प्रत्येक टप्प्यावर पाणी मोजायचं माप बदलतं.

मावळात हे पाणी ‘टीएमसी’त मोजतात. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आपल्या भाषेत सुमारे २,८३१ कोटी लिटर. मिरा-भाईंदरला दोन्ही योजनांतून मिळून रोज साधारण २० कोटी लिटर येतं असं धरा; मग एका टीएमसीत हे शहर साडेचार महिने काढील. वर्षाची गरज तीन टीएमसीच्या आतच. आता कृष्णेच्या वाटपाचे आकडे पाहा. न्यायमूर्ती बचावत यांच्या न्यायाधिकरणाने १९७३ मध्ये अहवाल दिला, १९७६ मध्ये अंतिम निवाडा झाला, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला आले ५६० टीएमसी, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. त्याच निवाड्यात टाटांच्या योजनांसाठी एक कलम आहे: भीमेच्या वरच्या खोऱ्यातून पश्चिमेला वळवायचं पाणी एका वर्षात ५४.५ टीएमसीच्या वर जाता कामा नये आणि सलग पाच वर्षांत २१२ टीएमसीच्या वर जाता कामा नये. आलं लक्षात? कृष्णेचा तंटा आपण कोल्हापूर-सांगलीचा, फार तर सोलापूरचा समजतो. पण त्या निवाड्याच्या एका कलमातून पाझरणारं पाणी काशिमिऱ्याच्या सोसायटीच्या टाकीत पडतं. भाईंदरचा माणूस कृष्णेच्या तंट्यातला पक्षकार आहे आणि त्याच्या शहराच्या पानावर ही बातमी काही येत नाही.

भिवपुरीत तेच पाणी मेगावॉटमध्ये मोजतात, म्हणून त्याची बातमी उद्योगाच्या पानावर. बदलापूरला पावसाळ्यात ते क्युसेकमध्ये मोजतात आणि बातमी होते पुराची. शहाडच्या पुढे ते एमएलडी होतं, म्हणजे रोजचे दशलक्ष लिटर, आणि बातमी होते ‘गुरुवारी पाणी नाही’. सोसायटीच्या फाटकाशी ते टँकरमध्ये मोजतात. तिथे ते वर्तमानपत्रात कमी आणि व्हॉट्सॲपवर जास्त असतं.

आता क्युसेकची गंमत पाहा, कारण आपल्याकडच्या बहुतेक पूरबातम्या याच मापावर चालतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, जेमतेम २८ लिटर. टीएमसी हा साठा आहे, क्युसेक हा वेग. एकात मालकी मोजता येते, दुसऱ्यात भीती. धरणातून एक लाख क्युसेकने पाणी सुटलं तर एक टीएमसी संपायला किती वेळ लागेल? दहा हजार सेकंद. पावणेतीन तास! २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणाबद्दल, ‘अलमट्टीतून पाच लाख क्युसेक’ हे शब्द आपण रोज ऐकत होतो. त्या वेगाने मिरा-भाईंदरचं वर्षाचं सगळं पाणी दीड तासात वाहून जातं. हा हिशेब मी कागदावर दोनदा केला, कारण पहिल्यांदा तो खरा वाटेना.

पण बातमीदार एवढी वेगवेगळी मापं का वापरतात? कुणी कट केलेला नसतो. बातमी माप उसनं आणते, ज्या कार्यालयातून ती येते तिथून. जलसंपदा विभागाचा पूर नियंत्रण कक्ष विसर्गाचे आकडे क्युसेकमध्ये देतो. दिल्लीतले वकील टीएमसीत बोलतात. महापालिकेचं पत्रक एमएलडीत निघतं. सिंचनाचा अधिकारी हेक्टर सांगतो. बातमीदार धावपळीत असतो, संध्याकाळी पान लावायचं असतं, आकडा जसा हातात येतो तसा छापला जातो. आणि त्या आकड्याबरोबर बातमीची चौकटही आयती येते: टीएमसी म्हटलं की ‘आमचं पाणी’, क्युसेक म्हटलं की ‘सोडलं’ किंवा ‘अडवलं’, एमएलडी म्हटलं की ‘कपात’. कोल्हापूर याला थोडा अपवाद आहे. तिथे पंचगंगा फुटांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. फूट अंगाला लावून बघता येतो, म्हणून कोल्हापूरकराला पाणी किती चढलं म्हणजे कुठली गल्ली गेली, हे तोंडपाठ असतं. माझ्या मते आपल्या पत्रकारितेतलं हे सर्वांत प्रामाणिक माप आहे.

चौकट बदलली की तीच घटना किती बदलते, याचा नमुना एकाच पावसाळ्यात, दोन आठवड्यांच्या आत मिळाला होता.

२७ जुलै २०१९. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हासच्या पुरात अडकली. हजारावर प्रवासी, त्यांत नऊ गरोदर महिला. बोटी आल्या, एनडीआरएफ आलं, नौदल आलं, सगळे सुखरूप बाहेर निघाले. बातमीची चौकट होती सुटकेची. खलनायक कोण? पाऊस. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, ती गाडी जिथे निघाली होती त्या कोल्हापुरात, पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि सांगलीत कृष्णेने २००५ चा विक्रम मोडला. पाऊस त्याच मोसमाचा, कोसळला त्याच सह्याद्रीवर, फक्त पाणी डोंगराच्या दुसऱ्या उताराने गेलं. तिकडे मात्र खलनायक होता अलमट्टी, म्हणजे कर्नाटक.

फरक कशाचा? उल्हासच्या खाली दुसरं राज्य नाही, समुद्र आहे. समुद्रावर आरोप करता येत नाही. कृष्णेच्या खाली सीमा आहे, सीमेपलीकडे दरवाजे असलेलं धरण आहे, आणि दरवाजा कुणीतरी माणूस उघडतो किंवा उघडत नाही. बातमीला असा हात लागतो. पुढे राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० च्या अहवालात त्या पुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टी आणि पूररेषेतली अतिक्रमणं यांच्याकडे बोट दाखवलं. अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे साठ्यामुळे मागे चढणाऱ्या पाण्याचा, वाद त्यामुळे मिटलेला नाही. धरणाची पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या कर्नाटकाच्या बेताने सांगली-कोल्हापुरात आजही रान पेटतं आणि तिथल्या लोकांची भीती खोटी म्हणायची कुणाची छाती नाही. पण पहिल्या आठवड्याच्या मथळ्यांनी जे मनावर कोरलं ते एका अहवालाने पुसलं गेलं नाही, हेही खरं.

आता सीमेच्या पलीकडे जाऊन बसा. बेळगाव-चिकोडीकडच्या गावांत दर पावसाळ्यात बातमी असते की महाराष्ट्राने कोयनेतून पाणी सोडलं आणि आमचे पूल पाण्याखाली गेले. इकडून तक्रार ‘ते अडवतात’, तिकडून तक्रार ‘ते सोडतात’. पाणी एकच, दिवसही कधीकधी एकच! उन्हाळ्यात पात्रं उलटी होतात. २०२५ च्या उन्हाच्या तोंडावर कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्राला पत्र लिहून वारणा-कोयनेतून कृष्णेत आणि उजनीतून भीमेत पिण्यासाठी पाणी सोडायची विनंती केली होती. जुलैतला दांडगा शेजारी एप्रिलमध्ये दाता होतो. हे दोन्ही मथळे एका पानावर शेजारी-शेजारी छापलेले मी तरी पाहिलेले नाहीत. त्यांच्यात काही महिन्यांचं अंतर असतं आणि वर्तमानपत्राचं आयुष्य एका दिवसाचं.

कर्नाटकातून गोव्यात जाऊन मांडवी होणाऱ्या म्हादईचं प्रकरण तर आणखी मजेदार. २०१८ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधिकरणाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिले. हुबळी-धारवाडला त्यातलं काही पिण्याचं पाणी, गोव्याला तो जंगलावर आणि मांडवीच्या गोड्या पाण्यावर घाला. आणि १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी सुरू केलेलं बेळगावचं ‘तरुण भारत’ बेळगावातही निघतं आणि गोव्यातही. एकच दैनिक, नदीचे दोन्ही काठ. त्या कचेऱ्यांतली एखादी संध्याकाळ बघायला मिळाली तर मी तिकीट काढून जाईन.

ही चौकट वाचकाच्या डोक्यात काय करते, हे कुणी मोजलंय का? मोजलंय. शांतो अय्यंगार या राज्यशास्त्रज्ञाने अमेरिकेत टीव्हीच्या बातम्यांवर प्रयोग केले आणि १९९१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. गरिबीची बातमी दोन प्रकारांनी दाखवली. काही प्रेक्षकांना एका गरीब माणसाची गोष्ट, काहींना देशातल्या गरिबीचा कल. नंतर विचारलं, दोष कुणाचा? एका माणसाची गोष्ट बघणाऱ्यांचा कल त्या माणसालाच जबाबदार धरण्याकडे होता. कल बघणाऱ्यांचा समाज आणि सरकार यांच्याकडे. बातमी खोटी कुठलीच नव्हती. आता हे नदीला लावून बघा. ‘काल रात्री अमुक धरणातून अमुक क्युसेक’ ही एका घटनेची गोष्ट. ती वाचून आपण विचारतो, दरवाजा कुणी उघडला? ‘गेल्या साठ वर्षांत पाऊस कसा बदलला’ हा कल. तो वाचून वेगळेच प्रश्न पडतात. पण तो वाचायला मिळतो किती वेळा?

इथे हवामान बदल येतो, आणि इथेच मापांचा खेळ सर्वांत गंभीर होतो.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्याच काळात त्या पट्ट्यातला मोसमाचा एकूण पाऊस मात्र घटतीला लागलेला. हे दोन्ही एकदम कसं? पाऊस कमी दिवसांत, जास्त जोराने पडू लागला. उबदार झालेला अरबी समुद्र वाऱ्यांना भरपूर बाष्प पुरवतो, आणि एखाद्या आठवड्यात ते सगळं रितं होतं.

आता हे टीएमसीच्या डोळ्यांनी बघा. वर्षाची बेरीज, १ जून ते ३१ मे. थोडी कमी, थोडी जास्त, काळजीचं फारसं कारण नाही. क्युसेकच्या डोळ्यांनी बघा, हाहाकार. म्हणजे बदललेलं हवामान एका मापात जवळजवळ अदृश्य आहे आणि दुसऱ्या मापात ते पूर म्हणून दिसतं, पण दिसताना शेजारच्या राज्याचा चेहरा लावून येतं! आपले नदीवाटपाचे निवाडे मुख्यतः पहिल्या मापात लिहिलेत, आपल्या बातम्या दुसऱ्यात. हवामान बदलाचं जिल्ह्यात कार्यालय नाही. संध्याकाळी सहा वाजता त्याचं पत्रक येत नाही. ते येत नाही म्हणून त्याचं मापही बातमीत येत नाही. मला तरी सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे वाटते.

आपल्या दाराशी हा खेळ आत्ता चालू आहे, आणि यात दुसरं राज्यही नाही. पालघर जिल्ह्यातल्या सूर्या नदीवरचं धामणी धरण आणि त्याखालचा कवडास बंधारा मुळात सिंचनासाठी. डहाणू, पालघर, विक्रमगड या आदिवासी तालुक्यांतली साडेचौदा हजार हेक्टरांवर जमीन भिजवायचा तो बेत होता. नंतर एमएमआरडीएची ४०३ एमएलडीची प्रादेशिक योजना आली, डोंगरांतून बोगदे खणले गेले: १८५ वसई-विरारला, २१८ मिरा-भाईंदरला, आपलं पाणी उतरणार चेण्याच्या जलाशयात. इकडच्या पुरवणीत बातमी असते, ‘सूर्याचं पाणी कधी?’ तिकडच्या बातमीत असतं, ‘आमचं पाणी कुठे चाललं?’ इकडे माप एमएलडी, तिकडे हेक्टर. या दोन मापांचा एकमेकांत हिशेब कुठल्याच बातमीत होत नाही, म्हणून दोन्ही बाजू आपापल्या पानावर शंभर टक्के बरोबर ठरतात.

हिशेब करून बघू. ४०३ एमएलडी ऐकायला रोजचा खर्च वाटतो. वर्षभर गुणा: १४७ दशलक्ष घनमीटर. धामणीचा साठा २७६ दशलक्ष घनमीटर. योजना पूर्ण क्षमतेने चालली तर वर्षाचा उपसा धरणाच्या निम्म्याहून जास्त भरतो! पावसाळ्यात धरण भरत असतानाही उपसा चालूच असतो, म्हणून हिशेब ढोबळ आहे. तरी ‘निम्मं धरण’ हे शब्द मिरा रोडच्या वाचकाने सकाळच्या चहाबरोबर वाचले असते, तर या योजनेविरुद्धच्या डहाणूच्या मोर्चाची बातमी त्याने आडमुठेपणाची बातमी म्हणून वाचली नसती. तहान आपली खरी आहे, आठ लाखांहून अधिक माणसांची आहे. पण शेत कुणाचं, हे कळून पाणी प्यावं असं मला वाटतं.

शेवटी पुन्हा कृष्णेकडे, कारण एक चकित करणारी गोष्ट सांगायची राहिली. कृष्णेत पाणी आहे तरी किती? प्रश्न भाबडा वाटेल, पण त्याची उत्तरं तीन-चार आहेत आणि सगळी बरोबर. बचावत यांनी शंभरातल्या पंच्याहत्तर वर्षी हमखास मिळेल तेवढंच पाणी मोजलं. ते भरलं २,०६० टीएमसी. पुढे ब्रिजेशकुमार न्यायाधिकरणाने नव्या आकड्यांवरून हिशेब मांडला: पंच्याहत्तर टक्के भरवशाने २,१७३, पासष्ट टक्के भरवशाने २,२९३ आणि निव्वळ सरासरी काढली तर २,५७८. घरखर्च ठरवताना दिवाळीचा बोनस धरायचा की नाही, त्यावर पगार वेगळा दिसतो, तसंच हे. नदी तीच राहते. वाईट वर्षांची किती जोखीम पत्करायची, हे ठरवलं की तिचा आकडा ठरतो. आणि त्या जोखमीचा अंदाज कशावरून? मागच्या वर्षांवरून. म्हणजे पुढचा पाऊस मागच्या पावसासारखाच पडेल, या विश्वासावर तीन राज्यांचं, तेलंगण झाल्यावर चार राज्यांचं, भांडण उभं आहे.

ब्रिजेशकुमार न्यायाधिकरणाचा २०१० चा निवाडा आणि २०१३ चा पुढचा अहवाल सर्वोच्च न्यायालयात अडकलेत, राजपत्रात आलेले नाहीत. त्यामुळे आजही चालतो तो बचावत यांचा निवाडा. त्यांनी १८९४-९५ पासूनची ७८ वर्षं हिशेबात घेतली होती. त्या यादीतलं सर्वांत अलीकडचं वर्ष आहे १९७१-७२.